नुसतं विद्यापीठ

माइकवर ते कधीही 'हॅलो' म्हणाले नाहीत. परभणीत तेव्हा माइक हातात आला की माणूस आधी त्याला टिचकी मारायचा, मग फुंकर, मग 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग'. सर फक्त 'हं' म्हणायचे. समोरचा काही सांगायला लागला की आपण हुंकार देतो ना, तसा. तेवढ्यावरनं त्यांना कळायचं, हॉल आवाज कुठं गिळतो, कुठं परत फेकतो आणि कोणता कर्णा नाकात बोलायलाय. मग ते माइकवाल्या चाचांकडं बघून पंजा जरासा खाली करायचे. चाचा बटण फिरवत कुरकुरायचे, "साब, इत्ता गौर तो निकाह पढ़ाते वखत काजी बी नै करता."

मी त्यांना सर म्हणायची, पण ते मास्तर नव्हते. एका सरकारी कचेरीत आवक-जावकचे कारकून होते. कचेरीत त्यांना कुणी फारसं विचारत नसे. पण बियाण्यांच्या कंपनीचा विक्रेता मेळावा असो, खताच्या कंपनीचा सत्कार सोहळा असो, बँकेच्या नव्या शाखेचं उद्घाटन असो, की बदलून चाललेल्या मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ, निवेदनाला सरच लागत. मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची आणि अशा कार्यक्रमांत स्वागतगीत म्हणायची. त्यामुळं कितीतरी वर्षं मी मंचाच्या एका कोपऱ्यात पेटी घेऊन बसलेली आणि पुढं सरांची पाठ, असंच आमचं बसणं-उठणं होतं.

पहिल्यांदा भेटले ते शाळेत. मधली सुट्टी होती. सफारीच्या पँटीला सायकलची क्लिप तशीच लावलेली. स्वागतगीताचं ठरलं, जायला निघाले आणि दारातून वळून म्हणाले, "बाई, तुमची आई तुम्हाला काय म्हणून हाक मारते?"

मला राग आला. परका माणूस आणि हे काय विचारणं! तो माझ्या तोंडावर दिसला असणार.

"रागावू नका," ते म्हणाले. "प्रत्येकाचं एक नाव कागदावर असतं आणि एक कानात असतं. मला कानातलं लागतं. त्याशिवाय कागदावरचं नीट उच्चारता येत नाही."

मी सांगितलं. आमच्या गावी, झरीला, आई मला ज्या नावानं हाक मारायची ते. त्यांनी ते मनात म्हणून पाहिलं असावं, कारण ओठ हलले. मंचावर त्यांनी माझं कागदावरचंच नाव घेतलं. पण त्या दिवशी ते मला माझंच वाटलं. आमच्या हेडबाई रोज तेच नाव घ्यायच्या तेव्हा ते हजेरीतलं वाटायचं.

त्यांची तयारी हा गावात चेष्टेचा विषय होता. कार्यक्रम ठरला की ते पाहुण्यांच्या मागं लागत. पाहुण्यांच्या ड्रायव्हरला गाठून साहेब कशानं चिडतात ते विचारून घेत. हारवाल्याकडं जाऊन हाराची तार बाहेर आली आहे का, हे बोट फिरवून बघत. मिरची, लोणचं, दही बंद. खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या. एकदा हैद्राबादेहून एका कंपनीचे मोठे अधिकारी येणार होते. नाव उमामहेश्वरराव. आमच्याकडं सगळे त्यांना 'उमेशराव' म्हणून मोकळे झाले होते. सर मात्र जिंतूर रोडवर सायकल चालवत 'उमामहेश्वरराव, उमामहेश्वरराव' म्हणत जायचे. कृषी विद्यापीठाची पोरं मागनं ओरडायची, "राव निघाले, राव निघाले!" सर त्यांच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशी ते नाव त्यांनी असं उच्चारलं, की ते अधिकारी भाषणाला उठले आणि हिंदीत म्हणाले, घर सोडल्यापासून आज पहिल्यांदा कुणी मला पूर्ण हाक मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या अधिकाऱ्याला. सर मागं उभे होते, डोळे मिटून.

आदल्या दिवशी संध्याकाळी हॉलवर जायचा त्यांचा नेम होता. पेटीची जागा ठरवायला मलाही बोलावत. ते मंचावर खुर्च्या मांडत आणि प्रत्येक खुर्चीत बसून बघत. पंख्याचा वारा तोंडावर येतो का, समोरचा दिवा डोळ्यांत जातो का. मग उठून खुर्च्यांना नमस्कार करत आणि म्हणत, "आता मी विनंती करतो..." रिकाम्या खुर्चीला हार घातल्यासारखे हात नेत, बाजूला होत, फोटोवाल्याला जागा देत.

मी एकदा म्हटलं, "सर, रोजचंच तर आहे. एवढं कशाला?"

"पाहुण्याला पाठ दाखवायची नसते, बाई. कुठून फिरायचं ते आधी ठरवावं लागतं. एक पाऊल चुकलं की खालच्या माणसाला कळतं, ह्यो हितला न्हाई." मग घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "हा इथला नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सरांच्या पोटात दुसरी एक भाषा आहे. ते गोदाकाठच्या एका खेड्यातले. लहानपणी गावच्या हॉटेलाबाहेर उभं राहून रेडिओवरच्या बातम्या ऐकायचे. आत बसायची परवानगी नव्हती. बातम्या सांगणाऱ्याचं एकेक वाक्य घरी जाताना म्हणत जायचे. मोठेपणी त्यांनी आपल्या जिभेवरचं सगळं 'लय', 'हाय', 'न्हाई' खरवडून काढलं. नुसतं मंचावर नव्हे. कचेरीत, बाजारात, रिक्षावाल्याशीसुद्धा ते बातम्यांच्या भाषेत बोलत. रिक्षावाले त्यांना जास्त भाडं सांगत.

त्यांचा एक नियम मात्र मला फार आवडायचा. खोटं बोलायचं नाही. निरोप समारंभात माणूस एका संध्याकाळपुरता देव होतो, हे आपण सगळे बघतो. सरांना ते चालत नसे. एकदा एका हिशेबनिसांचा निरोप होता. कचेरीतल्या एकाही माणसाला ते आवडत नव्हते. सर आठवडाभर त्यांच्याविषयी काही चांगलं मिळतंय का ते शोधत फिरले. शेजारी म्हणाले, कुणाकडं जात-येत नाहीत. घरी गेले तर त्यांची बायको म्हणाली, "सांगन्यासारखं काय न्हाई हो त्यांचं." सर हताश होऊन माझ्या शाळेत आले. "बाई, एवढं आयुष्य काढलं माणसानं आणि सांगण्यासारखं काही नाही, असं कसं होईल? असेल. बारीक असेल."

शेवटी ते कचेरीत जाऊन त्या माणसाच्या टेबलासमोर नुसते बसून राहिले. समारंभात म्हणाले, "साहेबांच्या टेबलावर बोथट पेन्सिल कधी कुणी पाहिली नाही. जो येईल त्याला टोक केलेलीच पेन्सिल मिळाली." बस. एवढंच. तो कडक माणूस मान खाली घालून ढसाढसा रडला. त्यांची बायको पदर तोंडाला लावून नवऱ्याकडं बघत राहिली, नव्यानं ओळख झाल्यासारखी.

आपलं नाव सर कधी सांगत नसत. एखादा पाहुणा भाषणात विचारायचा, निवेदकांचं नाव काय? सर हसून म्हणत, "निवेदकाला नाव नसतं." लोकांना ती नम्रता वाटायची. आडनाव सगळ्या गावाला माहीत होतं. फक्त मंचावर असेपर्यंत ते मध्ये येत नसे.

कार्यक्रमानंतरच्या जेवणाला ते कधीच थांबत नसत. "गळा जड होतो," म्हणून सायकलवर टांग मारून निघून जात. खरं कारण मला चाचांनी सांगितलं. सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी मेळावा होता. सगळ्यांना आत स्टीलच्या ताटांत वाढलं. सरांना कुणीतरी अदबीनं बाहेर नेलं आणि जनरेटरच्या शेजारी पत्रावळीवर वाढलं. ज्यांनी तासाभरापूर्वी त्यांच्या आवाजाला टाळ्या दिल्या होत्या तीच माणसं. सरांनी मुकाट्यानं जेवून वाढणाऱ्याला 'धन्यवाद' म्हटलं. चाचा आपलं ताट उचलून त्यांच्या शेजारी येऊन बसले होते. "मैं बोला, साब, चलो. बोले, नै चाचा, अन्न छोडके उठना नै," चाचा सांगत होते. त्यानंतर सरांनी कंपनीच्या अन्नाला हात लावला नाही.

सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती त्यांच्या बायकोला ताप होता म्हणून. मी त्यांना वहिनी म्हणायची. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. सर आतल्या खोलीत होते, पण बोलणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम होता. आदल्या संध्याकाळी हॉलवरून आले की कार्यक्रम सुरू होईपर्यंत ते मौन पाळत. काही लागलं तर हातानं खूण.

वहिनी अंथरुणात उठून बसल्या. "तसंबी घरात बोलतच न्हाईत बाई. सगळं बोलनं तिथंच सांडून येतेत."

बाजेवर एक तिशीचा माणूस बसला होता, एक पाय सरळ पुढं केलेला. सरांचा धाकटा भाऊ. त्याला सगळे बापू म्हणत. माझी नजर पायाकडं गेलेली त्यानं पाहिली.

"वाकत न्हाई," तो म्हणाला. "नामांतराचा पाय हाय हा."

मग त्यानंच सांगितलं. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि सगळ्या मराठवाड्यात आग लागली, तेव्हा त्यांच्या गावातली त्यांची वस्तीही पेटवली गेली. आईला पाठीवर घेऊन तो ओढ्याकडं पळत होता. मागनं गुडघ्यावर कुऱ्हाडीचा दांडा बसला. आई वाचली. पाय तसाच जुळला. तेव्हापासून तो त्या पायानं प्रत्येक मोर्चाला जात होता.

"आमच्या दादाला केवढा आवाज दिलाय बघा," बापू आतल्या खोलीकडं बघत मोठ्यानं म्हणाला, "आन् ते कवतिक कोनाचं करायलेत? बियाच्या पिशवीचं. लय वेळा म्हनलं, आमच्या सभेत एकदा उभं ऱ्हावा. आमच्याकडं मानसं हायत, बोलायचं हाय, पर एकबी सभा धड सुरू व्हत न्हाई की धड संपत न्हाई. तर म्हनतेत, नोकरी हाय."

आतून सरांचा हात फक्त दिसला. पुरे, अशी खूण केली त्यांनी. बापू हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

पुढं एकदा हॉलवरून परतताना सर आपणहून म्हणाले, "त्याला वाटतं मी पळालो. मला एवढंच वाटतं बाई, की एक जागा अशी असावी जिथं लोक आधी माझ्या आवाजाकडं मान वळवतील आणि मग आडनाव विचारतील. मान वळेपर्यंतचा तेवढा वेळ माझा." त्यांची सायकल हातात होती आणि ती चालताना करकरत होती.

बापूला कावीळ झाली आणि ती उशिरा लक्षात आली. सरकारी दवाखान्यात फार दिवस काढले नाहीत त्यानं. विद्यापीठाच्या नावाचा निकाल तेव्हाही लागला नव्हता. शोकसभा विहारासमोरच्या मैदानात ठेवली होती. वस्तीतली माणसं सरांकडं आली, म्हणाली, सूत्रं तुमीच सांभाळा. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत.

त्यांनी तयारी नेहमीसारखीच केली. आदल्या दिवशी मैदानावर जाऊन आले. ज्यांना बोलायला उभं करायचं त्यांच्या घरी जाऊन त्यांची नावं विचारून आले. चाचांनी माइक आणला. मी बायकांच्या बाजूला बसले होते, सरांच्या आईशेजारी. म्हातारीला दिसायचं बंद झालं होतं आणि सरांना माइकवर बोलताना तिनं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

सर उभे राहिले. 'हं' म्हणाले. मग सुरुवात केली, "सन्माननीय उपस्थित बंधू आणि भगिनींनो, आज आपण सर्व जण अत्यंत जड अंतःकरणानं येथे एकत्र आलो आहोत..."

म्हातारीनं माझा हात चाचपला. "कामून रेडू लावलाय गं?" तिनं विचारलं. "बंद करा म्हनावं. माझं लेकरू गेलंय."

मी म्हटलं, "आजी, रेडिओ नाही. तुमचा मोठा मुलगा बोलतोय."

तिनं नुसती मान हलवली, न पटल्यासारखी.

इतक्यात मागच्या पोरांतनं एक जण उठला. टवाळीनं नाही, अगदी कळवळून म्हणाला, "दादा, आपल्या बोलीत बोला की. तुमचाच भाऊ व्हता."

सर थांबले. त्यांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणून. तोंड उघडलं. "बापू..." म्हणाले. "बापू लय..." आणि पुढं काही येईना. 'लय' त्यांच्या तोंडातनं असा आला, जसा परगावचा माणूस आपली नक्कल करताना म्हणतो. ते त्यांनाच ऐकू आलं. पुन्हा सुरुवात केली तर 'अतिशय' आलं. ते अर्ध्यात तोडलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेकडो माणसं तोंडाकडं बघत होती, आपल्या माणसाच्या तोंडून आपलं काही ऐकायला मिळेल म्हणून, आणि तो माणूस माइकचा दांडा धरून उभा होता. मग त्यांनी माइक दुसऱ्याच्या हातात दिला आणि आईजवळ येऊन मातीत बसले. आईनं त्यांचं तोंड चाचपलं आणि विचारलं, "कोन हाय?"

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले होते. व्हरांड्यात उभे राहून एवढंच म्हणाले, "सापडले नाहीत बाई. एकही शब्द सापडला नाही. मी सगळं काढून टाकलं होतं. इतकं निपटून काढलं असेल असं मला वाटलं नव्हतं."

मग एक दिवस विद्यापीठाला नाव मिळालं. जुनं पूर्ण गेलं नाही, नवं त्याच्या आधी जोडलं गेलं. वस्तीत निळे झेंडे लागले, आणि काही गावांतनं वाईट बातम्याही येत होत्या. परभणीत दुकानं कधी उघडी, कधी बंद. त्याच दिवसांत बियाण्यांच्या कंपनीचा विक्रेता मेळावा आला. प्रमुख पाहुणे होते औरंगाबादचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, त्याच विद्यापीठातले.

बापू गेल्यापासून मी सरांना पहिल्यांदा खुश पाहिलं. ते धावत शाळेत आले.

"बाई, नवं नाव लांब आहे. मध्ये श्वास कुठं घ्यायचा ते ठरवावं लागेल. चुकीच्या जागी घेतला तर नाव तुटतं."

आदल्या दिवशी आम्ही हॉलवर गेलो. खुर्च्या मांडून झाल्या. सर माइकसमोर उभे राहिले आणि रिकाम्या हॉलला त्यांनी प्राध्यापकांची ओळख करून दिली. विद्यापीठाचं नाव आलं तेव्हा त्यांनी आधी भरपूर श्वास घेतला आणि ते नाव पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एका ओघात म्हटलं. मी त्यांचा आवाज इतकी वर्षं ऐकत होते. असा कधी ऐकला नव्हता. तो रेडिओचा नव्हता. कुठून आला होता कोण जाणे. हॉलच्या मागच्या भिंतीवरून तो परत आला. चाचांचा हात बटणावर होता, पण त्यांनी ते फिरवलं नाही. म्हणाले, "बस, साब. कल बस ऐसाच."

सर म्हणाले, "बापू असता तर खुर्चीवर चढला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंचाशेजारच्या खोलीत आम्ही तिघं होतो. सरांचं मौन चालू होतं. कंपनीचा मॅनेजर आत आला. वाईट माणूस नव्हता. दरवर्षी मला गजरा आणून द्यायचा.

"सर, एक रिक्वेस्ट आहे," तो म्हणाला. "पाहुण्यांची ओळख देताना नुसतं 'विद्यापीठ' म्हणा. जुनं नाव नको, नवं नको. खाली दोन्हीकडची माणसं बसली आहेत. वातावरण कसं आहे तुम्ही जाणता. मला माझं बियाणं विकायचंय हो, बाकी काही नाही."

सर त्याच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील. मौन काय, त्यांनीच घातलेलं, त्यांनीच मोडायचं. मी त्यांच्या ओठांकडं बघत होते. चाचा वायरचा गुंता हातात घेऊन थांबले होते.

"समजलं ना सर? नुसतं विद्यापीठ."

सरांनी मान हलवली. हो, अशी.

मॅनेजर खांद्यावर थोपटून निघून गेला. मला अजूनही वाटत होतं, ही मान खोलीपुरती आहे. मंचावर गेल्यावर ते म्हणतीलच.

मी स्वागतगीत म्हटलं. दीप लावून झाला. सर प्राध्यापकांची ओळख करून देऊ लागले. गाव, शिक्षण, कपाशीवरचं संशोधन. मग ते त्या वाक्याशी आले. त्यांनी श्वास घेतला. काल ठरवलेल्या जागीच घेतला, तेवढाच भरपूर. आणि म्हणाले, "विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाचे ज्येष्ठ प्राध्यापक..."

एवढ्या लहान शब्दाला एवढा श्वास लागत नाही. उरलेला त्यांना सोडावा लागला, आणि तो माइकमधून ऐकू आला. लांब, पोकळ आवाज. खाली कुणालाच काही कळलं नाही. प्राध्यापकसुद्धा हसून हात जोडत होते. त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असेल. टाळ्या झाल्या. चाचांनी मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

कार्यक्रम उत्तम झाला. कुठं काही वावगं नाही. मॅनेजर येऊन म्हणाला, "एकदम मस्त, सर. तुमच्यासारखा माणूस नाही."

त्या दिवशी सर जेवायला थांबले. मी पेटीच्या कव्हरची गाठ मारत होते आणि ते मला रांगेत दिसले, हातात स्टीलचं ताट धरून, विक्रेत्यांच्या मध्ये. त्यांना पुरी वाढली, बटाट्याची भाजी वाढली, जिलबी वाढली. भिंतीशी उभं राहून त्यांनी सगळं खाल्लं. ताटात काही ठेवलं नाही. कुणी त्यांना बाहेर नेलं नाही. मी जवळ गेले नाही. जाववलंच नाही.

त्यानंतर त्यांनी माइक हातात घेतला नाही. कंपन्यांची माणसं घरी खेटे घालत. वहिनी दारातूनच सांगायच्या, बरं न्हाई त्यांना. मग त्यांनी सोनपेठला बदली मागून घेतली. सोनपेठला कोणी स्वतःहून बदली मागत नाही, म्हणून ती लगेच मिळाली.

काही वर्षांनी आमच्या शाळेच्या एका कामासाठी मी सोनपेठला गेले. बाजाराचा दिवस होता. काम आटोपून स्टँडवर आले तर बाकावर सर बसले होते, पिशवीत वांगी आणि कोथिंबीर. केस सगळे पांढरे. मला बघून उठले, चहा सांगितला. आई गेल्याचं सांगितलं. बोलत होते ते धड रेडिओचं नव्हतं आणि धड गावचंही नव्हतं. एकेक शब्द उचलून बघून ठेवल्यासारखे बोलत होते.

मी इतकी वर्षं मनात धरलेलं विचारलं. "सर, त्या दिवशी तुम्ही नुसतं विद्यापीठ म्हणालात. नंतर कधी म्हटलंत का ते नाव पूर्ण?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"आता कोण म्हनत न्हाई, बाई? औरंगाबादच्या गाडीत कंडक्टर म्हनतो, तिकीट फाडताना. पोरं परीक्षेचा फॉर्म भरताना म्हनतात. हितं टपरीवर म्हनतात. आता ते म्हनायला काहीच लागत नाही." मग ते म्हणाले, "ज्या दिवशी म्हनायला काही लागत होतं, त्या दिवशी मी मान हलवली."

परभणीची गाडी लागली. मी खिडकीशी बसले. ते खाली उन्हात उभे होते. मी म्हटलं, "जा सर, ऊन लय आहे." ते हलले नाहीत. ड्रायव्हर अजून चढला नव्हता. गाडी निघेपर्यंत आम्ही तसेच राहिलो. मी आत, ते बाहेर, आणि स्टँडवर सगळी माणसं बोलत होती.